स्वस्तातली लेन्स खोडीसकट कशी वापरावी

माझी १३५ एमएमची, म्हणजे लांबचं जवळ आणणारी जुनी लेन्स आठ महिने कपाटाच्या खणात पडून होती. इतकी स्वस्त मिळाली होती की आपण विकणाऱ्याला फसवलं की त्याने आपल्याला, हेच मला कळेना. त्या संशयापायी मी ती वापरायचं सोडून तपासत बसले. पुस्तकांच्या फडताळासमोर कॅमेरा ट्रायपॉडवर लावला, एफ २.८ (लेन्सचं भोक पूर्ण उघडं) पासून एफ २२ (अगदी बारीक) पर्यंत प्रत्येक आकड्यावर एकेक फोटो काढला आणि संगणकावर चारही कोपरे मोठे करून पाहिले. खालच्या डाव्या कोपऱ्यात शब्दकोशाच्या पाठीवरची अक्षरं एफ ५.६ पर्यंत काही नीट लागेनात. झालं. लेन्स कापडात गुंडाळून खणात.

बाहेर निघाली ती नाइलाजाने. नेहमीची झूम लेन्स दुरुस्तीला गेली आणि कॅमेऱ्यावर लावायला घरात दुसरं काही उरलंच नाही. त्याला आता दीड वर्ष झालं. या दीड वर्षात मी एकाही फोटोच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात शब्दकोश ठेवलेला नाही.

खाली लिहिलंय ते या काळात हाताने शिकलेलं आहे. तुमच्याकडे १३५ नसेल, जुनी ५० असेल, ५८ किंवा २८ असेल. आकडे बदलतील, रीत तीच राहील.

स्वस्त का, ते आधी

हातातली वस्तू का स्वस्त आहे हे एकदा कळलं की मनातली पाल चुकचुकायची थांबते. १३५ चं कारण सरळ आहे. लेन्समधून न पाहता वेगळ्या खिडकीतून पाहायच्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांच्या काळात याहून लांब पल्ल्याची लेन्स नेमकी रोखणं अवघड जायचं. १९५४ साली आलेल्या लायका एम ३ च्या व्ह्यूफाइंडरमध्ये ५०, ९० आणि १३५ एवढ्याच चौकटी आखलेल्या होत्या. लेन्समधलंच चित्र आरशातून दाखवणारे एसएलआर कॅमेरे आले तरी लोकांची सवय मोडली नाही. कॅमेऱ्याबरोबर ५०, हौस वाढली की १३५, मग २८. त्यामुळे ज्याला त्याला १३५ बनवाव्या लागल्या आणि त्या ढिगाने बनल्या. पुढे झूम लेन्स सुधारल्या, ७० पासून २१० पर्यंतचं सगळं एका नळीत मिळू लागलं आणि या बिचाऱ्या माळ्यावर गेल्या. माल भरपूर, गिऱ्हाईक थोडं. काचेचा त्यात काही दोष नाही.

तुमच्या लेन्समध्ये किती भिंगं आहेत हे घरबसल्या मोजता येतं. खोलीत एकच दिवा लावा, लेन्स तिरकी धरून आत पाहा आणि दिव्याची प्रतिबिंबं मोजा. हवेला लागून असलेल्या प्रत्येक पृष्ठभागाचं एक प्रतिबिंब दिसतं. माझ्या लेन्समध्ये लहान-मोठी मिळून आठ दिसतात, म्हणजे सुटी चार भिंगं. आजच्या झूममध्ये पंधरा-वीस भिंगं सर्रास असतात. चार भिंगांचं यंत्र बिघडून बिघडून किती बिघडणार?

तपासणी मात्र एकदा करा, पाच मिनिटांची. मागून टॉर्च मारून समोरून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक फांद्या दिसल्या तर ती बुरशी. धुरकट पापुद्रा दिसला तर तेलाची वाफ बसलेली असते किंवा चिकटवलेल्या भिंगांमधला डिंक सुटू लागलेला असतो. धुळीच्या कणांकडे ढुंकून पाहू नका, ते फोटोत येत नाहीत. पुढच्या भिंगावर एखादा ओरखडा चालतो. मागच्या भिंगावरचा ओरखडा जास्त त्रास देतो, कारण ते सेन्सरच्या जवळ असतं. ॲपर्चरच्या, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या भोकाच्या, पात्या उघडझाप करून पाहा. तेलकट दिसल्या आणि रिंग हाताने फिरणारी असली तरी काम अडत नाही. माझ्या लेन्सच्या पुढच्या काचेवर नखाएवढा चरा आहे. कुणाचा, कधीचा, देव जाणे.

बसवताना जोर लावू नका

हे मी जोर लावून शिकले. लेन्सच्या मागे ४२ मिलिमीटर व्यासाचे आटे होते. ४२ म्हटलं की सगळे एम ४२ म्हणतात. ते आटे फार जुने आणि फार पसरलेले, १९४९ च्या कॉन्टॅक्स एसवरही होते. पेंटॅक्सने १९७५ मध्ये के-माउंट (माउंट म्हणजे लेन्स-कॅमेऱ्याची जोडणी) आणेपर्यंत तेच वापरले. मी लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारा एम ४२ चा ॲडॉप्टर मागवला, लेन्स फिरवली, दीड फेरा गेली आणि अडकली. मला वाटलं गंज असेल. रुमाल धरून अजून पाव फेरा दिला. कर्र असा आवाज आला तेव्हा कुठे थांबले.

गंज नव्हता. लेन्स टी-माउंटची निघाली. टॅमरॉनने १९५७ मध्ये काढलेल्या या माउंटचा व्यासही ४२ मिलिमीटरच, पण आट्यांमधलं अंतर ०.७५ मिलिमीटर. एम ४२ मध्ये ते १ मिलिमीटर असतं. पहिला फेरा प्रेमाने जातो आणि मग दोन्हीकडचे आटे एकमेकांना खातात. माझ्या ॲडॉप्टरचा पहिला आटा गेला, लेन्स वाचली. म्हणून सांगते, दोन फेऱ्यांत सहज बसत नसेल तर उलटं फिरवा, बाहेर काढा आणि आट्यांवर पट्टी धरून मोजा. पाच आट्यांना ५ मिलिमीटर लागले तर एम ४२, पावणेचारच्या आसपास भरले तर टी.

दुसरं मोजमाप म्हणजे लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंतचं अंतर. एम ४२ ला ते ४५.४६ मिलिमीटर लागतं, टी-माउंटला ५५. सोनी ई-माउंटच्या मिररलेस (आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यात ते फक्त १८ आहे, त्यामुळे मधली जागा ॲडॉप्टरच्या पोकळ नळीने भरून निघते आणि सगळं सुरळीत चालतं. निकॉनच्या जुन्या एफ-माउंटमध्ये मात्र हे अंतर ४६.५ आहे, म्हणजे एम ४२ ला हवं त्याहून जास्त. तिथे साध्या ॲडॉप्टरवर लांबचं काही फोकसमध्ये येत नाही. माझ्यासारखी १३५ असेल तर पंधरा-वीस मीटरच्या पुढे सगळं धूसर. त्यावर उपाय म्हणून आत काच बसवलेले ॲडॉप्टर मिळतात. मी तरी ते घेणार नाही. चार भिंगांच्या साध्या लेन्समागे पाचवं हलक्या प्रतीचं भिंग लावण्यापेक्षा जवळची माणसं टिपत राहीन.

ॲडॉप्टर एकदा बसला की तो लेन्सवरच राहू द्या. सारखा काढघाल करायला लागलात की लेन्स लावायचाच कंटाळा येतो.

मेनूतल्या तीन जागा

पहिली, लेन्स नसतानाही शटर चालू देण्याचा पर्याय. जुनी लेन्स कॅमेऱ्याशी बोलत नाही, त्यामुळे कॅमेऱ्याला वाटतं समोर भोक आहे आणि तो शटर दाबू देत नाही. पहिल्या दिवशी निम्मे लोक इथेच हरतात.

दुसरी, कॅमेऱ्यात स्थिरीकरण असेल तर तिथे फोकल लेंथ (एमएमचा आकडा) हाताने भरा. क्रॉप सेन्सर (जुन्या फिल्मच्या चौकटीहून लहान सेन्सर) आहे म्हणून दीडपट करून २०२ भरू नका, लेन्सवर लिहिलेला आकडाच भरायचा. तिसरी, ऑटो आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता कॅमेऱ्यानेच ठरवणं) लावत असाल तर शटरचा किमान वेग. १३५ ला क्रॉप सेन्सरवर मी १/२५० च्या खाली उतरू देत नाही. कॅमेरा ॲपर्चर प्रायॉरिटीवर ठेवा. लेन्समधून जेवढा उजेड येतो तेवढा तो मोजतो आणि शटर ठरवतो.

धरायची पद्धतही बदलावी लागते. माझी लेन्स ॲडॉप्टरसकट अर्ध्या किलोच्या आसपास भरते, कॅमेरा त्याहून हलका. तेव्हा डावा तळवा लेन्सखाली, वजन त्यावर. उजवा हात नुसता बटणापुरता.

आई, सुई आणि सव्वा सेंटिमीटर

ज्या दिवशी लेन्स खणातून निघाली त्या दिवशी आई खिडकीशी बसून सुईत दोरा ओवत होती. डावीकडून सकाळचा उजेड, मागे काळोखी खोली. मी लेन्सला जितकं जवळ जाता येतं तितकी गेले, म्हणजे दीड मीटर. क्रॉप सेन्सरवर तेवढ्या अंतरावरून चौकटीत साधारण २४ बाय १६ सेंटिमीटरची जागा मावते. कॅमेरा उभा धरला की एक चेहरा. ॲपर्चर पूर्ण उघडं, एफ २.८.

अकरा फोटो काढले. अकराही फोटोंत चष्म्याची कडा लख्ख, तिच्यावरचा उडालेला रंगसुद्धा मोजून घ्यावा असा, आणि आईचे डोळे धुक्यात.

कारण हिशेबात आहे. दीड मीटरवर एफ २.८ ला जेवढं स्पष्ट येतं त्या पट्ट्याची एकूण जाडी जेमतेम सव्वा सेंटिमीटर, म्हणजे ज्यावर फोकस कराल त्याच्या पुढे-मागे सहा-सहा मिलिमीटर. चष्म्याची काच डोळ्यापासून सव्वा-दीड सेंटिमीटर पुढे असते. कडा धरली की डोळा गेलाच. आणि कडा धरली जातेच, कारण कॅमेऱ्यातलं फोकस पीकिंग जिथे गडद-उजळ रेघ सापडेल तिथे रंग भरतं. काळ्या कडेसारखी रेघ चेहऱ्यावर दुसरी कुठली?

म्हणून जवळच्या माणसाला पीकिंग बंद. त्याऐवजी चित्र मोठं करून पाहायची सोय एका बटणावर ठेवा, अंगठ्याखालीच. मोठं करा, पापणी शोधा, रिंग फिरवून जवळपास आणा आणि मग रिंग सोडून द्या. उरलेलं काम कमरेतून करायचं. श्वास सोडत केसभर पुढे झुका, पापणीचे केस सुटे सुटे दिसले की दाबा. झुकताना तीन-चार फोटो ओळीने घ्या, त्यात एक लागतो. ऑटोफोकसच्या सवयीने बोटाला बटण अर्धं दाबून थांबायची खोड लागलेली असते, ती मोडायला मला आठवडा गेला.

बारावा फोटो लागला. सुईचं भोक चौकटीत होतं पण धूसर, दोऱ्याचं टोक अर्धवट. आईची उजवी पापणी मात्र अशी आली होती की तिच्यावरचा एक पांढरा केस मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला. मागच्या खोलीतलं सगळं वितळून गेलं होतं. हा फोटो झूम लेन्सने आला नसता असं नाही, पण झूमने मी दोन फोटो काढून उठले असते. इथे वीस मिनिटं बसले आणि आई मला विसरून आपल्या कामाला लागली. हाताने फोकस करण्याचा हा फायदा मला कुणी सांगितला नव्हता.

दोन रिंगांचा खेळ

जुन्या प्रीसेट लेन्सवर ॲपर्चरच्या दोन रिंगा असतात आणि पहिल्या दिवशी हमखास घोळ होतो. एक रिंग खट् खट् आवाज करत फिरते, तिने फक्त मर्यादा ठरते. दुसरी लोण्यासारखी फिरते, तिने पात्या प्रत्यक्ष उघडतात-मिटतात. पहिली रिंग ५.६ वर ठेवलीत की दुसरी २.८ आणि ५.६ यांच्यामध्येच फिरते. क्रम असा: उघडा, उजेडात फोकस करा, दुसरी रिंग अडेपर्यंत मिटा, फोटो घ्या. डोळा व्ह्यूफाइंडरवरून हलवायची गरज नाही.

त्यात एक मेख आहे. काही जुन्या लेन्सचा फोकस पात्या मिटताना थोडा सरकतो. पाच-दहा मीटरवर ते जाणवत नाही, जवळ जाणवतं. मिररलेसवर याचा इलाज सोपा आहे. जवळचं काही असेल तर ज्या ॲपर्चरवर फोटो घ्यायचा त्यावरच फोकस करा. व्ह्यूफाइंडर आपोआप उजळतो, थोडी खरखर दिसेल एवढंच.

या लेन्सला पात्या बारा आहेत. त्यामुळे एफ ५.६ लाही भोक गोल राहतं आणि मागचे दिवे गोलच येतात. सहा पात्यांच्या नव्या लेन्समध्ये ते षटकोनी होतात. स्वस्तातल्या लेन्समध्ये अशी एखादी श्रीमंती सापडते, ती शोधून ठेवा. रात्री दिव्यांची रांग मागे ठेवून पाचेक फोटो काढले की कळतं.

खोड्या

प्रत्येक स्वस्त लेन्सला एक-दोन खोडी असतात. त्या सुधारायच्या मागे लागू नये, पण त्या कधी उठतात ते पाठ असावं. पाठ करण्यासाठी एक दुपार पुरते: तेच झाड, सूर्य पाठीशी, सूर्य बाजूला, सूर्य समोर, आणि प्रत्येक वेळी एफ २.८, ४, ५.६, ८. बारा फोटो.

माझ्या लेन्सची मोठी खोड म्हणजे उजेड समोरून आला की फोटोवर पांढुरका पडदा पडतो. काचेवर थर नसेल तर प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के उजेड परावर्तित होतो. आठ पृष्ठभागांचा हिशेब केला तर पाऊण हिस्साही आरपार पोचत नाही, आणि उरलेल्यातला काही आत इकडून तिकडे आपटत सेन्सरवर सांडतो. परावर्तन कमी करणारा थर झाइसमध्ये अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये काढला. माझ्या लेन्सवर त्यातला एकपदरी प्रकार आहे, तिरकं धरलं की निळसर दिसतो. आजच्या बहुपदरी थरांची सर त्याला नाही.

उपाय म्हणजे सावली. जाड काळ्या कागदाची पाच-सहा सेंटिमीटर लांब नळी करून लेन्सच्या तोंडाला बसवा. मग एखाद्या पांढऱ्या भिंतीचा फोटो घेऊन कोपरे काळवंडत नाहीत ना ते बघा. (भिंतीचा फोटो काढायचं हे एकच चांगलं कारण.) नळी नसेल तर डावा तळवा लेन्सच्या वर, टोपीच्या झडपेसारखा धरा. व्ह्यूफाइंडरमध्ये पडदा सरकल्यासारखा रंग परत येतो, तिथे हात थांबवा.

आणि मग एखाद्या संध्याकाळी नळी काढून ठेवा. उन्हं उतरताना माणूस सूर्याकडे पाठ करून उभा करा, सूर्य चौकटीच्या जरासा बाहेर, उजेड त्याच्या केसांवरून खाली गळणारा. एक्स्पोजर एक स्टॉप वर, म्हणजे उजेड दुप्पट. पडदा येऊ द्या. गवतावरची धूळ, अंगावरची लव, सगळं त्या पडद्यात उतरतं. पण हे दहात एकदाच करावं. प्रत्येक फोटो तसा काढणारे मी पाहिलेत आणि त्यांचे फोटो बघताना चष्मा पुसावासा वाटतो.

दुसरी खोड भाच्याने पकडली. तारेवरचा कावळा मी एफ २.८ ला टिपला होता, मागे पांढरं आभाळ. तो म्हणाला, "मावशी, तुझ्या कावळ्याला जांभळी झालर लागलीय." लागली होती खरी. अतिउजेडासमोर काळी कडा आली की जुन्या काचेत सगळे रंग एकाच जागी जुळत नाहीत आणि कडेला जांभळं सांडतं. एफ ४ ला झालर निम्मी होते, ५.६ ला बहुतेक जाते. संगणकावरही पुसता येते, पण मग कावळ्याच्या पंखांवरची खरी निळी-जांभळी झाकही तिच्याबरोबर जाते. म्हणून आता कावळा भिंतीवर उतरायची वाट बघते. मागे झाडी असली तर पूर्ण उघडी लेन्सही चालते.

एफ १६ आणि २२ हे आकडे मी रिंगवर आहेत हेच विसरले आहे. क्रॉप सेन्सरवर एफ ११ च्या पुढे विवर्तनाने (बारीक भोकातून जाताना उजेड पसरतो त्याने) सगळंच मऊ पडतं, महागड्या लेन्सलाही. आणि चंद्राच्या मागे लागू नका. १३५ एमएमला चंद्राचं चित्र सेन्सरवर जेमतेम सव्वा मिलिमीटरचं पडतं.

हलणारं माणूस

हाताने फोकस करून पळत्या पोराचा पाठलाग होत नाही. मी करून पाहिलं, दोनशे फोटोंत नऊ बरे निघाले. पाठलाग सोडा, सापळा लावा.

भाचा झोक्यावर होता. झोका दोन्ही टोकांना क्षणभर थांबतो आणि पुढचं टोक जवळपास त्याच जागी येतं. मी समोर पाच मीटरवर बसले, एफ ५.६. या अंतरावर स्पष्ट पट्टा सुमारे ३० सेंटिमीटर जाड असतो, पोराच्या डोक्याला पुरून उरतो. पहिले दोन-तीन झोके फक्त फोकस बसवण्यात घालवले. मग रिंगला हात लावला नाही. शटर १/५००, झोका टोकाला पोचायच्या किंचित आधी दाबायचं. दहात सहा लागले.

हेच सायकलवाल्याला, जिन्यावरून उतरणाऱ्याला, दारातून येणाऱ्याला लागू आहे. माणूस कुठून जाणार ते ठरलेलं असलं की त्या जागेवरच्या फरशीवर, पायरीवर, उंबरठ्यावर आधी फोकस करून ठेवायचा.

महिनाभर एकच

पहिला महिना कॅमेऱ्यावर दुसरी लेन्स लावू नका. माझी झूम दुरुस्तीहून दहा दिवसांतच परत आली होती, तरी ती मी खोक्यातून काढली नाही. १३५ घेऊन घरात फिरणं म्हणजे बांबू घेऊन फिरण्यासारखं आहे, सारखं मागे सरकावं लागतं आणि पाठ भिंतीला टेकते. पण पंधरा दिवसांनी पायांना अंतर कळायला लागतं. दीड मीटरवर चेहरा. दहा मीटरवर, कॅमेरा उभा धरला तर, डोक्यापासून पायापर्यंत माणूस. आता मी कॅमेरा डोळ्याला लावण्याआधीच योग्य जागी उभी असते. झूम वापरताना हे मला बारा वर्षांत जमलं नव्हतं.

नोंदीची एक छोटी युक्ती सांगते. जुनी लेन्स ॲपर्चर कळवत नाही, फोटोच्या माहितीत तिथे शून्य किंवा नुसती रेघ दिसते. वही घेऊन हिंडायचा मला आळस. म्हणून ॲपर्चर बदललं की आधी माझ्याच डाव्या हाताचा एक धूसर फोटो घेते. एक बोट म्हणजे २.८, दोन म्हणजे ४, तीन ५.६, चार ८. संध्याकाळी संगणकावर बोटं दिसली की पुढचे सगळे फोटो त्या आकड्याचे. महिन्याअखेर मोजलं तेव्हा दोन बोटांच्या मागचे फोटो सगळ्यांत जास्त ठेवण्याजोगे होते. तेव्हापासून माझी लेन्स एफ ४ ची आहे, २.८ सणासुदीला.

फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेल्या कच्च्या रूपात घ्या. जुन्या काचेचे फोटो कॅमेऱ्यातून फिके येतात, पण फिक्यात सावल्यांमधलं बरंच काही शिल्लक असतं. मी काळा बिंदू थोडा खाली ओढते आणि जेमतेम तेवढंच करते. स्पष्टता वाढवायचा स्लायडर पुढे रेटला की पापणीचे केस तारेसारखे होतात. ढगाळ दिवसाचे फोटो कृष्णधवल करून पाहा, त्या फिकेपणातून राखाडी रंगाच्या पायऱ्या फार सुरेख निघतात.

एवढं झाल्यावर दुसरी स्वस्त लेन्स घ्यायचा मोह होतो. माझ्या खणात अशा तीन आहेत. त्यांच्याविषयी मला काही सांगता येणार नाही, कारण त्यांच्यावर अजून शब्दकोशाचाच प्रयोग झालाय.

ठेवण्याचं एवढंच पाहा: बुरशीला काळोख आणि दमटपणा आवडतो. कापडात किंवा चामडी पेटीत गुंडाळून ठेवू नका, पेटीच ओल धरते. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र, काटा ४० ते ५० च्या मध्ये. आत्ता माझ्या डब्यात काटा ४६ वर आहे आणि डबा रिकामा आहे. लेन्स भाच्याने नेलीय, कावळे भिंतीवर यायची वाट बघत तो सकाळपासून गच्चीवर आहे.